हेडफोन घेताय? आधी माइक चालू करून बघा
कॉम्प्युटरसाठी ब्लूटूथ हेडफोन घेणार असाल, तर आधी माझी फजिती ऐका. मी बंगळुरूत, गाण्याच्या बाई पुण्यात. दर रविवारी ऑनलाइन शिकवणी. नव्या हेडफोनवर गाणी सुरेख वाजली, पण शिकवणी सुरू होताच बाईंचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा! मला वाटलं, वय झालं, आवाज थकला. कारण वेगळंच निघालं. हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ बहुतेक वेळा स्टिरिओ सोडून फोनकॉलच्या हलक्या आवाजावर उतरतं. सेटिंगमध्ये लॅपटॉपचाच माइक निवडला, आणि बाईंची मींड पुन्हा स्वच्छ ऐकू आली. (जुन्या डेस्कटॉपला ब्लूटूथच नसेल, तर यूएसबी डोंगल लागेल.) ठेक्याबरोबर रियाझ करायचा असेल तर मात्र वायरचेच घ्या, ब्लूटूथवर आवाज किंचित मागे पडतो, सम चुकते. बाईंना मी यातलं काही सांगितलेलं नाही.