अकरा खंडी, सहा कुडो

मैत्रिणींनो, अकरा पूर्णांक सहाचे निम्मे किती? पाच पूर्णांक आठ. तुमच्या पाचवी-सहावीतल्या मुलालाही हे येईल. पण ह्याच सोप्या गणितानं मी एकदा दुसऱ्याच्या ताटातला भात काढून घेणार होते. ती गोष्ट आज सांगते, कारण तसली चूक आपण बायका घरच्या हिशेबात अजूनही करत असतो.

१९८४ साली लग्न होऊन मी वरठीला आले. मुंबई-हावडा मार्गावर 'भंडारा रोड' नावाचं स्टेशन लागतं ना, ते आमच्या गावात आहे. माहेर नागपूरचं, मी बी.कॉम. झालेली. ह्यांची नोकरी, शिवाय थोडी धानाची शेती. ती बटईनं दिलेली. पहिल्याच हंगामात मामंजी म्हणाले, "सूनबाई शिकलेली आहे, यंदाचा हिशेब तीच लिहील." झालं! आहेरात आलेला कॅल्क्युलेटर पर्समध्ये टाकून मी ऐटीत खळ्यावर गेले.

आमच्याकडे तेव्हा धान कुडोनं मापत. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, तीन, चार... वीस कुडो भरले की एक खंडी. सासूबाई बाजूला बसून दर खंडीला एक खडा पदरात टाकत होत्या. मोजणी संपली. अकरा खंडी, सहा कुडो. मी वहीत ११.६ लिहिले, दोनानं भागले आणि मोठ्यानं वाचलं, "अर्धा वाटा पाच खंडी, आठ कुडो."

बटईदाराची बायको काहीच बोलली नाही. नुसती माझ्या हातातल्या यंत्राकडे बघत राहिली. सासूबाई मात्र म्हणाल्या, "काहून व सूनबाई, पाच कुडो कुठी गेले?"

मला वाटलं, यांना दशांश कुठला कळायला! पण त्यांनी खडे पुढे ठेवले. "अकराची निम्मी साडेपाच खंडी. अर्धी खंडी म्हंजे दहा कुडो. सहाचे निम्मे तीन. पाच खंडी, तेरा कुडो." शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं बोटंसुद्धा न मोडता सांगितलं!

माझ्या टिंबापुढचा सहा हा दहातला सहा होता. कुडो मात्र विसातले सहा होते. धानाची खंडी आमच्याकडे साधारण दीड क्विंटलची धरतात. म्हणजे पाच कुडो साडेसदतीस किलो धान, भरडून पंचवीसेक किलो तांदूळ. चूक माझी, फायदा आमच्या घराचा आणि तोटा, शिकलेल्या बाईपुढे जिला तोंड उघडवलं नाही तिचा. त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही.

मग मी सासूबाईंच्याच शाळेत बसले. हातापायांची बोटं मिळून वीस, म्हणून विसाची मोजणी माणसाला सुचली असावी. मेंढ्यासुद्धा खंडीवर मोजायची पद्धत होती. फ्रेंच लोक आजही ऐंशीला 'चार विसा' म्हणतात, मग आमच्या खेड्यातल्या बाईला का हसावं?

रुपयाचे सोळा आणे होते, तेही उगीच नाही. सोळाचे निम्मे आठ, मग चार, दोन, एक. वाटणी करताना काही तुटत नाही. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा एका आण्याचे होत होते सव्वासहा. पाव पैसा आणायचा कुठून? आण्याचे सहा पैसे धरले तर सोळा आण्यांचे होतात शहाण्णवच. सासूबाई म्हणत, "चार पैसे उडाले ते गरिबाचेच."

अंगठ्यानं चार बोटांची पेरं मोजा, बारा भरतात. डझनाचे दोन, तीन, चार, सहा असे सरळ वाटे पडतात. दहाचे तीन पाडून बघा बरं! आणि साठ तर आपल्या लग्नातच होते. मुहूर्तासाठी घटिकापात्र पाण्यात सोडत, ती घटका चोवीस मिनिटांची, दिवसरात्रीच्या साठ. एका घटकेची पुन्हा साठ पळं. तासाची साठ मिनिटं आली ती थेट प्राचीन बाबिलोनी लोकांच्या साठाच्या मोजणीतून.

आता खरी गोम इथेच आहे. शिलाईच्या मदतीला येणारी बाई अडीच तास बसली, की आपण वहीत २.३० लिहितो. तासाला साठ रुपये दर असला आणि यंत्रात तसंच गुणलं, तर येतात एकशे अडतीस. तिचे होतात दीडशे. बारा रुपये गेले आणि आपल्या ध्यानीमनीही नाही! मुलाचं वय अडीच वर्षं, लिहायचं २.६. मुलीची उंची पाच फूट दहा इंच, लिहायची ५.१०, यंत्राला विचाराल तर ती पाच फूट चार इंचवालीपेक्षा बुटकी ठरेल.

माझी लेक पुढे कॉम्प्युटर शिकायला लागली. एकदा म्हणाली, "आजी, आमच्यात नऊनंतर ए, बी, सी, डी, ई, एफ येतात आणि मग दहा लिहितात, पण ते असतात सोळा." मी गोंधळले. सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मंग रुपया झाला म्हण ना!"

त्या आता नाहीत. पण १९८५ च्या हंगामात मी वहीत टिंब दिलं नाही. उभी रेघ मारली, डावीकडे खंडी, उजवीकडे कुडो. वीस झाले की रेघ ओलांडायची. बटईदाराच्या बायकोला शेजारी बसवून खडे तिच्याच हाती दिले. तिनं मोजलं, मी लिहिलं. शेवटी दोघींचं जुळलं, तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली.

तेव्हा मैत्रिणींनो, तास-मिनिटं, फूट-इंच, डझन, काहीही मांडताना टिंब नको, रेघ मारा. आणि भागाकार करण्याआधी एवढंच विचारा, भरलं घर कितीचं? दहाचं, बाराचं, विसाचं की साठाचं? दुसऱ्याचं देणं असेल, तर दोनदा विचारा.