फणेरपेटी आणि भाकरी : परभणीच्या बाजारातून एक फेरफटका



‘बनी तो बनी, नाही तर परभणी’ ही म्हण तुमच्या कानावर आलीच असेल. नशिबाने साथ दिली तर ठीक, नाही तर परभणी आहेच, असा तिचा रोख. बाहेरच्या माणसाला त्यात थट्टा दिसते. परभणीकर मात्र ती स्वतःच हसत हसत ऐकवतो. या जिल्ह्याविषयी आपण कापसाचे भाव, पावसाची ओढ आणि कर्जाचे आकडे पुष्कळ वाचतो. इथल्या मायबहिणी स्वतःसाठी काय करतात, कशाने नटतात, कोणत्या चवीने सुखावतात, हे फारसे कुणी लिहीत नाही. ‘नटणे’ हा शब्द निघाला की घरातली वडील माणसे भुवया उंचावतात. कापूस वेचणाऱ्या हातांना कसली आली चैन, असे म्हणतात. तर चला, आज आपण या चैनीचाच हिशोब पाहू. ती महाग आहे का, वाया जाणारी आहे का, आणि ती येते कुठून?

बाजारातली बायकांची बाजू

मनमाडहून नांदेडकडे निघालेली गाडी सेलू, मानवत रोड मागे टाकून परभणीला येते. स्टेशनातून बाहेर पडून गावात शिरा. गुजरी बाजार, कच्छी बाजार, शनिवार बाजार ही नावे विचारली तर कुणीही वाट दाखवील. खेड्यावरून आलेला कारभारी बियाणे आणि खताच्या दुकानाकडे वळतो आणि बाईमाणूस आपसूक दुसरीकडे वळते. तिथे कासार हात दाबून दाबून बांगड्या चढवीत असतो. रिबिनी, फण्या, आरसे, टिकल्यांची पाकिटे, कुंकवाच्या पुड्या मांडलेल्या असतात. घेणे थोडे असते, पाहणे पुष्कळ. पण त्या पाहण्यातही एक सुख आहे, हे कोणतीही बाई सांगेल.

आपल्या आज्यांच्या वेळी फणेरपेटी असे. झाकणाला आतून आरसा, खाली फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी. आधी कपाळाला मेणाचे बोट लावायचे, मग त्यावर कुंकू कोरायचे. ते कुंकू हळदीचे. हळदीवर साबण पडला की ती लाल होते, हे धुणे धुणाऱ्या प्रत्येक बाईने पाहिले आहे. कुंकवाच्या मुळाशी हेच गुपित आहे. हळकुंडे लिंबाच्या रसात सवागी आणि तुरटी घालून मुरवतात, वाळवतात, दळतात, आणि पिवळ्याचे लाल होते. हळदीसाठी परभणीकरांना लांब जावे लागत नाही. वसमत शेजारीच आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा वसमत तिकडे गेले. त्याआधी ते परभणी जिल्ह्यातच होते.

आता बहुतेकींच्या कपाळावर चिकटवायची टिकली असते. ती सोयीची आहे, स्वस्त आहे. एवढेच पाहा, की काही टिकल्यांच्या गोंदातील रसायनाने त्वचेचा रंग जातो. टिकलीखाली खाज सुटली किंवा पांढुरका डाग दिसू लागला, तर ती टिकली लगेच बंद करा आणि डाग डॉक्टरांना दाखवा. हळदीचे कुंकू लावणाऱ्या आजीबाई मागासलेल्या नव्हत्या, एवढे कबूल करायला हरकत नाही.

जनाबाईंच्या गावी

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की गोदाकाठी गंगाखेड लागते. ही संत जनाबाईंची जन्मभूमी. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करणारी ही बाई. तिच्याविषयी जी कथा घरोघर सांगतात, तीत प्रत्यक्ष विठ्ठल तिच्या मदतीला येतो. तो जात्याला हात लावतो, शेण्या वेचतो, आणि तिची वेणीफणीही करतो. थोडे थांबून विचार करा. कामाने शिणलेल्या बाईच्या डोक्याला तेल लावून कुणीतरी केस विंचरावेत, हे सुख आपल्या लोकांनी देवाच्या हातून देववले. त्याला कुणी छचोरपणा म्हटले नाही.

न्हाण्याची जुनी रीत इकडे अजून पुष्कळ घरांत आहे. शिकेकाई आणि रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळून गाळायचे. रिठ्याला फेस येतो, शिकेकाईने केस मऊ राहतात. डोळ्यांत मात्र जाऊ देऊ नका, फार झोंबते. पूर्वी बाया काळ्या मातीनेही डोके धुवीत. त्यात शहाणपण होते. परभणीची काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते, कारण तिच्यात तेल आणि मळ ओढून घेणारी बारीक चिकणमाती असते. दुकानात पुडीतून मिळणारी मुलतानी मातीही याच गुणाची. पण आता शेताची माती सरसकट वापरू नका. कापसावर फवारण्या होतात, तणनाशके पडतात. ती माती डोक्याला नको.

कुसुंबी रंगाची गोष्ट

माघाच्या सुमारास रानातून जाताना करडई फुललेली दिसेल. फूल आधी पिवळे, मग केशरी-तांबडे. काटे असे, की काढणी सकाळच्या दवात उरकावी लागते. आपण करडईकडे तेलबी म्हणून पाहतो. घाण्याचे तेल, कोवळ्या पानांची भाजी, एवढाच तिचा उपयोग आपल्याला ठाऊक. पण जुन्या साड्यांचा ‘कुसुंबी’ रंग आठवतो ना? तो याच फुलांचा. पाकळ्या पाण्यात धुतल्या की पिवळा रंग निघून जातो. मग खाराच्या पाण्यात तांबडा उतरतो आणि आंबट घातले की तो पक्का होतो. हळदीच्या कुंकवात आणि या रंगात खार-आंबटाचाच खेळ आहे.

आणि जपानात तर याच फुलांपासून ओठांची लाली करीत. यामागाता भागात हे पीक त्यासाठी घेत. लाली वाटीच्या आतून लावून वाळवलेली असे आणि ओल्या कुंचल्याने ओठांना लावीत. तिकडे ती फार महागाची वस्तू होती. म्हणजे शहरातील बाई पैसे मोजून ओठांना लावते त्या रंगाची एक जात आपल्या बांधावर काट्यांत उगवते! सोयाबीन आणि हरभऱ्यापुढे करडईचा पेरा आता मागे पडला आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या एका करडईच्या वाणाचे नावच ‘परभणी कुसुम’ आहे. पुढल्या रब्बीत चार तास करडईचे टाकलेत, तर घरच्या तेलाची सोय होईल आणि मुलींना एक गोष्टही सांगता येईल.

उरुसातील अत्तर आणि मेंदी

फेब्रुवारीच्या सुरुवातीला परभणीत हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. हिंदू-मुसलमान दोन्ही घरांतून माणसे येतात. पाळणे, खेळणी, बांगड्या, अत्तर, सुरमा, मेंदी, आणि भल्या मोठ्या पराठ्याचा तुकडा तोडून त्याबरोबर दिलेला हलवा. मनगटावर अत्तराचा एक थेंब घेऊन घरी परतणारी बाई दोन दिवस तो वास जपते.

मेंदी आपल्याकडे नागपंचमीची. झाडाचा ताजा पाला वाटून रात्री लावली की सकाळी हात रंगतो. मेंदीचा खरा रंग तांबूस-तपकिरी असतो आणि तो चढायला काही तास लागतात. तासाभरात काळीकुट्ट चढणारी ‘काळी मेंदी’ मिळते, तिच्यात केस काळे करायचे रसायन असू शकते. कित्येकींच्या हातांना त्याने फोड आले आहेत. सुरम्याचेही तसेच. पुष्कळसा सुरमा शिशाच्या खनिजाचा असतो, म्हणून तो घेऊच नका. लहान मुलांना तर मुळीच नको. घरच्या एरंडेलाच्या दिव्याचे काजळ मोठ्यांनी लावावे, पण तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तेही घालू नये, असे डॉक्टर सांगतात.

चुलीपुढची चैन

आता थोडे खाण्याचे. परभणीकडे कुणाच्या घरी सकाळी गेलात तर सुशीला पुढे येईल. दचकू नका, हे खाण्याचेच नाव आहे! मुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरचीची फोडणी द्यायची, वरून डाळव्याचा कूट, शेंगदाणे, कोथिंबीर. दहा मिनिटांत ताटली तयार. शेतावर जाताना धपाटे न्यायचे. ज्वारीच्या पिठात थोडे बेसन, लसूण, मिरची, तीळ घालून ओल्या फडक्यावर थापलेले धपाटे, आणि सोबत दही. लग्नाच्या पंगतीत येसराची आमटी भुरकल्याशिवाय जेवण झाल्यासारखे वाटत नाही.

आणि हुरडा! थंडीत आगटी पेटवायची, कोवळी कणसे भाजायची, हातावर चोळायची, आणि गरम दाण्यांबरोबर तिळाची नाही तर जवसाची चटणी. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेल्या आणि आता वसंतराव नाईक यांचे नाव असलेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी वसंत’ हा खास हुरड्याचा वाण दिला आहे. तिथलाच २०१८ साली आलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर तयार झाला. त्यात लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा अधिक आहे.

भगिनींनो, इथे साज आणि चव एकत्र येतात. चेहरा निस्तेज, डोळ्यांखाली काळे, केस गळतात, दम लागतो, अशी तक्रार घेऊन आपण पावडरीचा डबा शोधतो. पुष्कळदा ते रक्त कमी असल्याचे लक्षण असते. त्यावर लेप चालत नाही. भाकरीबरोबर पालेभाजी घ्या, वर लिंबू पिळा. आंबटाने अन्नातील लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेऊ नका, त्याने उलट होते. आणि सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. घरातील सगळ्यांचे झाल्यावर उरलेसुरले खायची आपली रीत आहे, ती मोडा. कारभारी मंडळींनीही एवढे ध्यानात घ्यावे.

एक डबी मात्र टाळा

बाजारात एक डबी मिळते. सात दिवसांत गोरे करते म्हणतात. डबीवर कारखान्याचे नाव नाही, परवाना क्रमांक नाही. अशा काही क्रीममध्ये पारा असतो. पाऱ्याने रंग उजळतो खरा, पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडे बिघडवतो. २०२३ साली अकोल्याची बातमी आली होती. एकाच घरातील तीन स्त्रियांची मूत्रपिंडे अशा क्रीमने बिघडली, आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांच्या तपासातून त्याचा उलगडा झाला. अकोला आपल्यापासून किती दूर आहे? औषधाच्या दुकानातून कुणी सांगितले म्हणून खाजेचे मलम तोंडाला लावणे हेही तसेच घातक. आधी रंग खुलतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, पुरळ उठते आणि मलम सोडवत नाही.

विकतचे घ्यायचेच तर घ्या; त्यात लाज नाही. मात्र डबीवर कारखान्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत वाचा. स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला वाचायला लावा. नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहा.

घरचे उपाय साधे ठेवा. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, चिमूटभर हळद आणि दुधाची साय, एवढे उटणे पुरते. कच्चे लिंबू तोंडाला चोळून उन्हात जाऊ नका, डाग पडतात. कापसाच्या बोंडांनी ओरखडलेल्या हातांना रात्री खोबरेल लावा. टाचांच्या भेगांत आमसुलाचे तेल पातळ करून भरा. किराणा दुकानात त्याची वडी मिळते. रानात जाताना डोक्याबरोबर गालही रुमालाने झाका. आणि सावळ्या रंगाला रोग समजू नका. ज्या काळ्या मातीवर आपले पोट चालते, तिला कुणी गोरी करायला जात नाही.

आता करा हिशोब. हळद शेजारच्या वसमतची, डाळ आणि करडई रानातली, मेंदी कुंपणाची, हुरडा बांधावरचा. विकत घ्यायचे ते बांगड्या, कुंकवाची पुडी आणि उरुसातला अत्तराचा थेंब. एवढ्याने घर बुडत नाही. परभणीच्या बाजाराला गेलात तर बियाण्याच्या पिशवीशेजारी एक फणी आणि बांगड्यांचा जोड अवश्य ठेवा. आणि रविवारी दुपारी, कामे आटोपल्यावर, सासूने सुनेच्या किंवा सुनेने सासूच्या डोक्याला तेल लावून द्यावे. त्याला तर पैसाही लागत नाही.