बादलीतला मगरमासा

दोन वर्षांपूर्वी पोराच्या हट्टापायी पुण्यातून एक मासा आणला. बोटाएवढा, लांबट तोंडाचा. दुकानदार म्हणाला, "मगरमासा आहे साहेब. काळजी करू नका, टाकीच्या मापानं वाढतो."

आज तो हातभरापेक्षा मोठा झालाय. चार फुटांच्या टाकीत धड वळता येत नाही. सोबतचे सगळे मासे त्यानं कधीच गिळले.

याचं नाव अ‍ॅलिगेटर गार. मूळचा उत्तर अमेरिकेतला. 2011 मध्ये मिसिसिपीत जाळ्यात सापडलेला एक गार जवळपास साडेआठ फूट लांब आणि दीडशे किलोच्या आसपास भरला होता. म्हणजे आमचा अजून बाळच आहे.

गल्लीत सगळ्यांचा सल्ला एकच. "नदीत सोडा की. जीव वाचेल, पुण्य लागेल." खरं सांगतो, मलाही पटलं होतं. एका संध्याकाळी बादलीत घालून पौडजवळ मुळेच्या काठावर गेलोसुद्धा. तिथं एक काका गळ टाकून बसलेले. बादलीत डोकावून म्हणाले, "हा आपल्याकडचा न्हाई. नका सोडू दादा. चिलापी आली तवा बी कुनी इचारलं न्हवतं."

मी बादली घेऊन परत आलो.

आफ्रिकेतली चिलापी 1952 मध्ये आपल्या देशात आणली गेली. आज ती कुठल्या धरणात नाही सांगा? आणि गार तर शिकारी. 2023 मध्ये तो भोपाळच्या तलावात सापडला, श्रीनगरच्या दल सरोवरातही सापडला. तिथं तो आपल्या पायानं तर गेला नाही ना! शिवाय तो पाण्यावर तोंड काढून हवा घेतो, त्यामुळं घाण पाण्यातही तगतो. पुढं पुण्यात मुळेची काय अवस्था आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

आपलं पाणी दोन्हीकडं जातं. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून कोकणात उतरतं, आणि मुळेतलं पाणी भीमेतून उजनीला. इथं केलेली चूक इथंच राहत नाही.

सध्या मासा घरामागच्या हौदात आहे, वर जाळी टाकून. ही जात पन्नास वर्षंही जगू शकते. मी पंचेचाळीसचा. हिशोब तुम्हीच करा. चूक माझी, न विचारता आणला. म्हणून निस्तरणंही माझ्याकडंच.

पण भूगाव-पिरंगुटपासून हिंजवडीपर्यंत नव्या फ्लॅटांत अशा टाक्या किती असतील? घाटावर आपण निर्माल्य कलश ठेवतो, तशी नको झालेल्या माशांसाठी एखादी टाकी ग्रामपंचायतींनी ठेवावी. तिथून ते मत्स्यव्यवसाय विभागाच्या ताब्यात द्यावेत. आणि दुकानदारांनी विकताना मासा शेवटी केवढा होतो, एवढं तरी खरं सांगावं.

तोवर एकच विनंती. मासा जड झाला तर मला फोन करा, शिव्या द्या, काहीही करा. नदीत सोडू नका.