चौथी खुर्ची

गेल्या जानेवारीत रात्री दोनच्या सुमारास आमच्या समोरच्या बिल्डिंगला आग लागली. मिशिगनची थंडी, पायात स्लिपर, हाताला लागलं ते जॅकेट आणि आम्ही सगळे पार्किंगमध्ये. माणसं बाहेर पडली होती, मोजणीही झाली होती. बंब लवकर आला. त्यातून तीन जण उतरले. एक पंपापाशी राहिला, दुसऱ्याने पाइप ओढला, कॅप्टन बिल्डिंगला चक्कर मारून आला. आणि मग ते दाराशी थांबले. बाहेरून पाणी मारत होते, पण आत कुणी जाईना. माझ्या शेजारचा त्यांच्यावर ओरडायला लागला. मी ओरडलो नाही, पण मनात तेच होतं. दुसरा बंब आला तेव्हाच ते आत शिरले. तोवर दुसऱ्या मजल्यावरचं एक घर संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसचं काम बाजूला ठेवून मी यावर वाचत बसलो. नियम साधा आहे: दोघं आत गेले, तर त्यांना ओढून काढायला आणखी दोघं बाहेर तयार हवेत. आत कुणी अडकलं असेल तर थांबायचं बंधन नाही. त्या रात्री कुणी अडकलं नव्हतं, म्हणून ते थांबले. म्हणजे ज्यांना आम्ही भित्रे समजत होतो, ते चौथ्या माणसाची वाट बघत होते.

एनएफपीए ही अमेरिकेतली अग्निसुरक्षेचे निकष ठरवणारी संस्था एका बंबावर किमान चार जण हवेत असं सांगते, पण तो कायदा नाही. २०१० मध्ये निस्ट या सरकारी संस्थेने मोजून पाहिलं होतं: घराच्या आगीतली २२ कामं चार जणांच्या टीमने तिघांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी वेळात उरकली.

मग एकच माणूस वाढवायचा ना? मलाही तसंच वाटलं होतं. पण हिशोब करा. इथले जवान २४ तास ड्युटी आणि ४८ तास सुट्टी असे राबतात. म्हणजे बंबातली एक खुर्ची कायम भरलेली ठेवायला तिघं लागतात. त्यात रजा, आजारपण, ट्रेनिंग आलं की चौथा हवाच, नाहीतर ओव्हरटाइम. एका खुर्चीला चार पगार. आमच्या टीमची ऑन-कॉलची पाळी लावताना मी हेच गणित दर महिन्याला करतो आणि तरी बंबाकडे बघताना ते सुचलं नाही.

मार्चमध्ये शहराच्या कौन्सिलपुढे तेच आलं. फेमाकडे 'सेफर' नावाचं अनुदान आहे, २००३ च्या कायद्यातून आलेलं. ते थेट माणसांच्या पगारासाठी मिळतं. मुदत तीन वर्षं. कायद्यातलं प्रमाण असं की पहिली दोन वर्षं केंद्र ७५ टक्के देतं, तिसऱ्या वर्षी ३५, उरलेले पैसे शहराचे. काही वर्षी ही अट माफही झाली आहे. चौथ्या वर्षापासून सगळा भार शहरावर. शेजारच्या डेट्रॉइटने दिवाळखोरीच्या आधी हेच अनुदान घेऊन जवानांची कपात टाळली होती.

एक सदस्य विरोधात बोलले. फुकट क्रेडिट संपलं की क्लाउडचं बिल येतं, तसंच त्यांचं म्हणणं होतं: चौथ्या वर्षी या चौघांना घरी पाठवायचं का? खरं सांगतो, मला ते पटलं. मी स्वतः तीन वर्षांच्या एच-१बीवर राहतो. मुदतीवर जगताना माणूस सोफासुद्धा विचार करून घेतो.

रात्री मामाला फोन केला. मामा आपल्याकडच्या एका महापालिकेतून लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झाला. त्याने ऐकून घेतलं आणि हसला. "अरे, तिकडे पगाराला पैसे देतात? आमच्याकडे गाडी मिळते. हार घालतात, नारळ फोडतात, फोटो काढतात. चालवायला माणूस मागितला की आस्थापना खर्च ३५ टक्क्यांवर गेलाय म्हणतात." मी शोधलं. २०२३ मध्ये आपल्या केंद्र सरकारने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना आणली. त्यात नवी केंद्रं आहेत, आधुनिक साधनं आहेत, प्रशिक्षण आहे. नेहमीची भरती आणि पगार मात्र राज्यांनी आणि पालिकांनी बघायचे. गाडीचा खर्च एकदाच होतो, माणसाचा दर महिन्याला. सरकारांना पहिला आवडतो.

"तीन वर्षांनी काढलं तर?" मी विचारलं.

"तीन वर्षांत लागणाऱ्या आगी तर विझतील ना? आणि तुझ्या त्या साहेबाला सांग, चौथ्या वर्षाचा पैसा आत्ताच बाजूला टाकायला लाग."

मला इथे मत नाही, पण सभेत तीन मिनिटं बोलता येतं. पुढच्या सभेत मी उभा राहिलो. पार्किंगमधली रात्र सांगितली, चार पगारांचं गणित सांगितलं, आणि मामाची सूचना माझी म्हणून खपवली. आवाज कापत होता. कौन्सिलने अर्ज करायला मंजुरी दिली. चौथ्या वर्षाची तरतूद पुढच्या बजेटवर ढकलली, म्हणजे ते भांडण अजून बाकी आहे.

परवा आमच्या गल्लीतून बंब गेला. मी खिडकीतून डोकी मोजली. तीन.