पेटीवाल्यांचे गाव कोणते?

आमचे बाबा पेट्या दुरुस्त करतात. पेटी म्हणजे कपड्यांची नव्हे, हार्मोनियम! खानापुरातील आमच्या घराच्या सोप्यात भाता फाटलेल्या, पट्ट्या दबलेल्या, उंदरांनी चामडे कुरतडलेल्या सात-आठ पेट्या सदैव मांडलेल्या असतात, आणि आम्हां दोघां भावंडांचा अभ्यास त्यांच्याच संगतीत चालतो. गेल्या दिवाळीला आमचा आतेभाऊ बंगळूरहून आला. संगणकाचे काम करणारा. पेट्यांकडे पाहून तो म्हणाला, "मामा, तुमच्या कामाचे एक संकेतस्थळ काढून देतो. पण पहिल्या ओळीत एकच शहर घालायचे. कोणते घालू?"

प्रश्न सोपा वाटला. आम्ही एका सुरात "पुणे!" म्हणालो. मोठे शहर, गाणारे पुष्कळ, तेव्हा पेट्याही पुष्कळ असणार. स्वयंपाकघरातून आईने विचारले, "आणि ह्यांनी जेवायला यायचे कुठे?"

आतेभावाने मग आम्हांस गूगलची रीत समजावून सांगितली. कोणी जवळचा कारागीर शोधू लागला की गूगल मुख्यतः तीन गोष्टी पाहते: हवे असलेले काम हा मनुष्य करतो का, तो किती अंतरावर आहे, आणि त्याचा लौकिक किती आहे. पुण्यातल्या माणसाने शोधले तर पुण्यातलेच कारागीर त्यास आधी दिसणार. आमच्या पानावर पुण्याचे नाव शंभर वेळा लिहिले म्हणून खानापूर तसूभरही पुण्याकडे सरकत नाही. बाबांस हे पटवावे लागले नाही. तीन वर्षांपूर्वी एका गायनसंस्थेच्या बोलावण्यावरून ते रात्रीच्या बसने पुण्यास गेले होते. काळी चारची पट्टी खाली बसत नव्हती. पट्टी उचलली, तो तिच्याखाली रुपयाचे नाणे! मजुरी मिळाली ती परतीच्या तिकिटासही पुरली नाही. ते नाणे मात्र संस्थेने आठवणीने मागून घेतले.

आमचा उत्साह ओसरला तेव्हा बाबांनी फडताळातून कामाची वही काढून आमच्यापुढे टाकली. दोन वर्षांच्या नोंदी मोजावयास आम्हांस एक संपूर्ण दुपार लागली. एकूण १४३ पेट्या. त्यांपैकी खानापूर तालुक्यातील ६१, बेळगावच्या ४८, गोव्याच्या २२, धारवाड-हुबळीकडील ९, आणि तीन कोठल्या हे बाबांसही आठवेना. आकडे पाहून धाकट्याने "खानापूर" असा निकाल दिला. पण बाबा हसले. "अरे, तालुक्यातला भजनी मंडळवाला गूगलला कशाला विचारेल? तो बाजारादिवशी पेटी डोक्यावर घेऊन येतो आणि दारातून हाक मारतो." खरेच होते. सर्वांत अधिक पेट्या जेथून येत होत्या, तेथल्या माणसांस आमचा पत्ता शोधण्याची गरजच नव्हती.

गोव्याचा मोह मोठा होता. तेथे चतुर्थीच्या आधी घरोघरी पेट्या निघतात, आणि दमट हवेने लाकूड फुगून पट्ट्या अडकलेल्या असतात. पण नेमके तेच दिवस पावसाचे. अनमोडचा घाट धुक्यात बुडालेला असतो. शिवाय बारीकसारीक दुरुस्ती गिऱ्हाइकाच्या घरी बसून होते. सूर लावण्याचे काम तसे होत नाही. पितळी सुराची जीभ टोकाशी किंचित घासली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. हात जरा अधिक पडला की तो सूर वाया. त्यासाठी दोन दिवसांची शांतता आणि आपले घर लागते. म्हणजे बाबा किती लांब जातील, एवढाच प्रश्न नव्हता. पेटी किती लांबून येईल, हाही होता.

बेळगावची पेटी येते. अंतर सुमारे २५ किलोमीटर. सकाळच्या गाडीने कोणीही मांडीवर घेऊन येतो. ज्या गावात पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी वर्षानुवर्षे पेटी शिकवली, तेथे पेट्यांस तोटा नाही. आणि तेथे नव्याने राहावयास आलेल्यांस आमचे घर ठाऊक नाही.

आता आतेभावास एक युक्ती सुचली. बेळगावच्या आत्याच्या घराचा पत्ता द्यावा, म्हणजे गूगल आम्हांस बेळगावकरच समजेल! जेथे आपण काम करीत नाही तेथला पत्ता देणे गूगलच्या नियमांत बसत नाही. पण बाबांनी नियम विचारलाच नाही. "लोक पेटी घेऊन तिच्या दारात उभे राहतील, आणि ती बिचारी सांगेल की भाऊ खानापुरात असतो," एवढेच ते म्हणाले. शहरागणिक नाव बदलून तोच मजकूर छापण्याचा आमचा बेतही असाच बारगळला. तशी पाने गूगल फसवणुकीत धरते. गिऱ्हाइकाकडे जाऊन काम करणाऱ्यांनी आपला टापू सांगावा. तो साधारणपणे दोन तासांच्या वाटेपलीकडे नसावा, आणि त्यात वीसपर्यंत गावे घालावीत, अशी तेथली रीत आहे. आम्ही सातच घातली.

शेवटी पहिली ओळ अशी ठरली: "बेळगाव व परिसरासाठी पेटी-दुरुस्ती, कारागिराचे घर खानापूर." पण बेळगाव लिहावे कसे? १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झाले, तरी जुन्या इंग्रजी नावाची सवय अनेकांच्या बोटांतून गेलेली नाही. ज्यावरून मोठी माणसे तासन् तास भांडतात, तो प्रश्न आम्ही दोन्ही नावे घालून पाच मिनिटांत मिटवला.

संकेतस्थळावरून पहिला फोन आला तो माघ महिन्यात, टिळकवाडीहून आणि कानडीत. बाबा दहा मिनिटे अस्खलित बोलले. फोन ठेवल्यावर ते आमच्याकडे वळून म्हणाले, "त्यांस तुमचे पान वाचता आले नाही. नंबर तेवढा कळला." कानडीची एकही ओळ आम्हांस सुचली नव्हती! त्याच रात्री आम्ही पाटी-वही घेऊन बसलो. भात्यास कानडीत तिदी म्हणतात हे बाबांस ठाऊक होते, लिहिता मात्र येत नव्हते. ती ओळ शेजारच्या काकूंनी लिहून दिली. टिळकवाडीची पेटी अजून सोप्यात आहे. तिचा एकच सूर लागावयाचा राहिला आहे, आणि बाबांनी आम्हांस दोन दिवस मोठ्याने पाठांतर करण्याची मनाई केली आहे.