स्वराखालची रेघ

विद्यापीठाच्या संगीत विभागात कित्येक वर्षे अध्यापन केल्यावर आपल्या टिपणांत काही मूलभूत उणीव असेल, अशी शंका मला कधी शिवली नव्हती, परंतु एम. ए. च्या पहिल्या वर्षात एक जन्मांध विद्यार्थिनी दाखल झाली, मी मोठ्या हौसेने संगणकावर उतरवून दिलेली भैरवाची बंदिश तिने वाचनयंत्राकडून ऐकली आणि दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मला अदबीने विचारले, ‘‘सर, हा भैरव ना? मग यात सगळे स्वर शुद्ध कसे?’’

मी कागद पाहिला. रिषभ आणि धैवत यांच्याखाली कोमलत्वाची आडवी रेघ स्पष्ट होती. पंडित भातखंडे यांच्या क्रमिक पुस्तकांतली योजनाच तशी आहे: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली बिंदू, तार सप्तकाला वर बिंदू. यंत्र अक्षर तेवढे उच्चारीत होते आणि त्याच्या खालचे-वरचे सारे गाळून टाकीत होते. भैरवाच्या रेघा गळल्या की बिलावलाचे स्वर उरतात. भैरवाचेच कशाला, कल्याणापासून तोडीपर्यंत कोणत्याही थाटाची चिन्हे पुसली तर दहांचा मिळून एक बिलावल होतो. पाठ्यसाहित्य म्हणून मी त्या मुलीच्या हाती चुकीचा राग ठेवला होता, ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली.

मग आम्ही ब्रेलकडे वळलो. लुई ब्रेल स्वतः ऑर्गनवादक होता, आणि १८२९ साली त्याने आपली पद्धत प्रथम प्रसिद्ध केली तेव्हाच तीत संगीतलेखनाचाही विचार केलेला होता, हे मला त्या निमित्ताने कळले. सहा बिंदूंच्या घराच्या वर किंवा खाली चिन्ह लावण्यास वाव नसतो, कारण बोट एकाच ओळीवरून सरकत जाते. म्हणून आमच्यापुरता आम्ही असा नियम केला की आधी सप्तकाचे चिन्ह, मग कोमल वा तीव्र, आणि त्यानंतर स्वर. छापील पुस्तकात स्वरांच्या ओळीखाली शब्दांची ओळ असते व नजर दोन्हींवर एकदम फिरते. बोटाला ते साधत नाही, तेव्हा एका विभागाचे स्वर आणि लगेच त्याच विभागाचे शब्द, अशी मांडणी ठरली.

पहिला जाड कागद मी स्वतः पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचला. डाव्या हाताची तर्जनी बिंदूंवर आणि उजव्या हाताने मांडीवर त्रिताल धरून ती गाऊ लागली. पण खाली येण्यापूर्वीच ती थांबली, पुन्हा समेपासून निघाली आणि पुन्हा तिथेच थांबून म्हणाली, ‘‘सर, दुसऱ्या विभागात तीनच मात्रा आहेत.’’ एक अवग्रह टोचायचा मी विसरलो होतो. डोळसांच्या वर्गात ती चूक कोणीतरी अंदाजाने भरून काढली असती. तिचे बोट जे आहे तेवढेच वाचीत होते, आणि त्या दिवसापासून तिने वाचून पाहिल्याखेरीज एकही प्रत मी पक्की मानली नाही.

परीक्षेची हकीकत मात्र दुःखद आहे. लेखनिक विषयाचा जाणकार नसावा, असा कचेरीचा शिरस्ता. स्वरलिपीच्या प्रश्नाला बिचारी ‘रे, खाली रेघ’ असे सांगत राहिली आणि लेखनिकाने कुठे ती रेघ ओढली, कुठे ‘रेघ’ हा शब्दच लिहून ठेवला. तिला स्वतः ब्रेलमध्ये लिहू द्यावे, म्हणून मी केलेला अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला, आणि मंजुरी हाती पडली ती निकाल लागल्यानंतर.

प्रताधिकाराची अडचण आता पुढे करता येत नाही. अपंग व्यक्तींसाठी सुगम प्रत तयार करण्याची मुभा २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यातच दिलेली आहे. अडते ते वेळेवर. एक बंदिश उतरवून, तपासून घेण्यात माझे दोन दिवस जातात. म्हणून माझ्या समव्यवसायी मित्रांना विनंती आहे की अशा विद्यार्थ्याचा प्रवेश झाल्याचे कळताच त्यांनी वर्षाची यादी सत्रारंभापूर्वी काढावी, आणि ब्रेल होईपर्यंतच्या टिपणांत रेघेवर विसंबून न राहता ‘कोमल रे’ असे अक्षरांनी लिहावे.