छत्री आणि पाऊस

छत्री ही पावसात उघडायची वस्तू, असे आपण बालवाडीपासून शिकत आलो. परंतु आमच्या पाटण भागात घरोघरी पत्र्यावर जी छत्री बसली आहे, तिची रीतच उलटी! ऊन असले की ती इमानेइतबारे काम करते आणि धो धो पाऊस सुरू झाला की हात वर करते. टीव्हीची छत्री ती! पाटणहून साताऱ्याला येताना एस.टी.च्या खिडकीतून पाहावे, तर कौलांवर, पत्र्यांवर, स्लॅबवर तिच्याच बहिणी दिसतात, आणि सगळ्या बहिणींचे तोंड आग्नेयेकडे. ज्या उपग्रहांकडे त्या पाहतात ते विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर आणि आपल्या पूर्वेला आहेत. कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे. दिशा मात्र एकच.

आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे तलाठ्याचा कागद असो, बँकेचे पत्र असो की औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, सारे माझ्यापुढे येते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अण्णांनी मोबाइलवर आलेला इंग्रजी निरोप पुढे केला. म्हणाले, "एवढी कॉलेजात जातीस, तर बघ की! म्हैन्याला तीनशे नव्वद जात्यात. दुसरा कंचा डबा स्वस्तात पडंल?"

मी वही घेतली आणि रकाने आखले. आपल्याकडे खासगी डिश टीव्हीची सेवा २००३ साली सुरू झाली, दूरदर्शनची फुकट सेवा २००४ साली. आज पैसे घेणाऱ्यांत टाटा प्ले, एअरटेल, सन डायरेक्ट आणि डिश टीव्ही (डीटूएच हे त्याच कंपनीचे दुसरे नाव), आणि पैसे न घेणारी डीडी फ्री डिश. वाटले होते, मंडईत वांग्याचा भाव पाच ठिकाणी विचारावा तसे हे काम असेल. पण २०१९च्या फेब्रुवारीपासून नियम असा आहे की, प्रत्येक वाहिनीची कमाल किंमत ती वाहिनी चालवणारेच जाहीर करतात. डिशवाल्याला त्याहून एक पैसा जास्त घेता येत नाही. त्या वर्षी झी मराठी १९ रुपये, कलर्स मराठी १० आणि स्टार प्रवाह ९ रुपये असे दर जाहीर झाले होते. वर १८ टक्के कर. सांगलीच्या केबलवाल्यालाही हाच नियम. म्हणजे दुकाने अनेक, पण मालावरची छापील किंमत एकच!

मग फरक कशात? एक, जोडणीच्या मासिक आकारात. तो २०१९ साली १०० वाहिन्यांना जास्तीत जास्त १३० रुपये होता, म्हणजे करासह १५३ रुपये ४० पैसे. पुढच्या वर्षी तेवढ्याच पैशांत २०० वाहिन्या द्याव्यात असे ठरले आणि जुलै २०२४ मध्ये ही मर्यादाच उठवण्यात आली. दुसरा फरक डब्यात. एका कंपनीचा डबा दुसरीला चालत नाही. सोयरीक मोडायची तर भांडी नवी घ्यावी लागतात. तिसरा फरक गठ्ठ्यांत, आणि खरी गोम तिथेच होती. आमच्या गठ्ठ्यात दोनशेहून जास्त वाहिन्या निघाल्या. त्यांतल्या कितीतरी अशा भाषांतल्या, की त्या आमच्या वाडीत कुणालाच येत नाहीत. यादी इंग्रजीत होती. ती वाचणार कोण? वर्षानुवर्षे पैसे मात्र जात होते.

मग घरातल्या एकेकाला विचारायला बसले. अण्णांना सह्याद्रीवरचे 'आमची माती आमची माणसं' हवे. सह्याद्री सर्वत्र मिळते. धाकट्याला क्रिकेट. भारताचे महत्त्वाचे सामने २००७च्या कायद्यामुळे दूरदर्शनवर दाखवावे लागतात, म्हणून ते फ्री डिशवर फुकट दिसतात. पण त्याचे आयपीएल त्यात बसत नाही. आजी म्हणाली, "माझं सांजचं एक लागतंय, तेवढं असू द्या म्हंजी झालं." तिची मालिका फ्री डिशवर नव्हती. शिवाय तिथल्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात आणि एप्रिलमध्ये यादी बदलते.

शेवटी आईला विचारले. ती चुलीपुढे होती. "मला कुठला येळ? भाकरी थापताना कानावर पडतंय तेवढं आयकती." मी पुन्हा विचारले. तेव्हा तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "पावसाळ्यात बातम्या दिसाय पायजेत. सांगलीचं पाणी कळाय पायजे."

आईचे माहेर सांगलीच्या गावभागात. आमच्या खोऱ्यात पडणारा पाऊस कोयना घेते, कऱ्हाडला कृष्णेला देते आणि कृष्णा तो सांगलीला नेते. म्हणजे सासरच्या दारातला पाऊस माहेरच्या उंबऱ्याशी जातो! ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हा मी शाळेत होते. मामाच्या घरात वीज नाही, केबल नाही. इकडे आमच्या पडद्यावर 'सिग्नल नाही' एवढी एकच ओळ. आई पदराने हात पुसत त्या ओळीकडे पाहत उभी राहायची.

बातम्यांच्या मराठी वाहिन्या बहुतेक फुकट वा काही पैशांत मिळतात. पण त्या ज्या लहरींवरून येतात, त्यांची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. जोराच्या पावसाचे थेंब त्यांना शोषून घेतात. फुकटची छत्री असो की महागडी, मोठ्या सरीत दोघींची गत सारखीच. शंभरएक किलोमीटरवरच्या सांगलीची खबर ३६,००० किलोमीटर वर जाऊन परत येते आणि आमच्या अंगणावर येऊन अडते! आईच्या रकान्यात मला कुठल्याच कंपनीचे नाव लिहिता येईना.

अखेर डबा जुनाच ठेवला. गठ्ठा सोडून मोजक्या वाहिन्या निवडल्या. धाकट्याचे क्रिकेट हंगामापुरते घ्यायचे ठरले. खर्च दोनशे चाळीसवर आला. वाचलेले दीडशे रुपये आता दरमहा आईच्या मोबाइलला जातात. तो आजवर नुसता फोन घेण्यापुरता होता, आता ती स्वतः मामाला फोन लावते आणि पहिला प्रश्न विचारते, "दादा, पाणी कुठवर आलंय?"

आता वाडीतली माणसे मला विचारतात, कुठली कंपनी चांगली? मी त्यांना सांगते, आधी आपली यादी वाचून घ्या. मग घरातल्या प्रत्येकाला काय पाहायचे ते विचारा. आणि वेळ नाही म्हणून जी काहीच मागत नाही, तिला दोनदा विचारा.